तिसरा ढीग

दर पंधरा दिवसांनी फडकीवाली टेम्पोतून उतरायची आणि वर्कशॉपच्या मागच्या पत्र्याखाली दोन गोण्या आपटायची. आपटता आपटता सांगायची, की या खेपेचा माल एक नंबर आहे. थोरली, म्हणजे वर्कशॉपवाल्यांची मोठी सून, ते ऐकून घ्यायची. ती गोणीत खांद्यापर्यंत हात घालून अगदी तळातला कपडा ओढून काढायची, कारण एक नंबर माल वर असतो आणि बाकीचे सगळे नंबर खाली.

त्या दिवशी तळातून रेनकोट निघाला.

"चुकून आला, ताई," फडकीवाली म्हणाली.

"मागच्या खेपेलाही चुकूनच आला होता. हा तोच असणार. आता वाट पाठ झालीय त्याला."

फडकीवालीने रेनकोट काखेत मारला, वजनातून काहीतरी वजा केल्यासारखं केलं आणि गेली. ती किती वजा करते हे थोरलीला माहीत होतं, आणि थोरलीला ते माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पंधरा वर्षांत दोघींचं भांडण याच्या पुढे गेलं नव्हतं.

मग निवडायचं काम. लोकांना वाटतं, गाडी पुसायला कुठलीही चिंधी चालते. ज्यांना असं वाटतं त्यांच्या गाडीचं बॉनेट जरा उन्हात बघावं. कुठल्या शर्टाच्या बटणाने ती नक्षी काढली तेसुद्धा सांगता येतं. थोरली उलट्या क्रेटवर बसायची, बाजूला कात्री, समोर पाण्याची वाटी. आधी बटणं, चेन, हुक. मग कॉलर आणि दुहेरी शिवणी, कारण नायलॉनचा दोरा नखासारखा ओरखडतो. उरलेल्या तुकड्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब. सुती कपडा थेंब पडायच्या आत पिऊन टाकतो. भेसळीचा जरा विचार करतो. पॉलिस्टरवर थेंब तसाच बसून राहतो, चहा मिळेपर्यंत न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

त्यावरून तीन ढीग व्हायचे. पहिला इंजिनाचा: सांडलेलं ऑइल, हात, हत्यारं; पाणी पिणारं काहीही इथे चालायचं. दुसरा काचांचा आणि पॉलिशचा: जुन्या बनियनी, टी-शर्ट, विरलेले आणि सूत न सोडणारे. तिसरा रंगाचा. या ढिगात जायला कपडा पांढरा हवा, नाहीतर थिनरमध्ये त्याचाच रंग उतरतो. धागा सुटता कामा नये. आणि तो भरपूर धुतलेला हवा, नवा मुळीच नको, कारण नव्याला खळ असते. हॉटेलांनी टाकून दिलेले टॉवेल आणि चादरी इथे यायच्या. घासलेला पत्रा टॉवेलने कोरडा करायचा आणि रंग मारायच्या आधी शेवटचा हात चादरीच्या तुकड्याचा. वीस किलोच्या गोणीतून दीडेक किलो कपडा तिसऱ्या ढिगापर्यंत पोचायचा. माणसांचंही प्रमाण साधारण एवढंच असावं, असं थोरलीचं मत होतं. पण ते तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

वर्कशॉप सासऱ्यांचं. त्यांना सगळं जग मिस्त्री म्हणायचं, त्यांची मुलंसुद्धा. चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागल्यापासून मिस्त्री फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि आत येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून आजार सांगायचे. थोरला मुलगा, म्हणजे थोरलीचा नवरा, इंजिनं बघायचा. धाकटा पत्रा ठोकायचा आणि बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंग मारायचा. घर वर्कशॉपच्याच वर, लोखंडी जिन्याने चढून गेलं की दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. थोरली लग्न होऊन आली तेव्हा धाकटा शाळेच्या डब्यासाठी तिच्यामागे घाई करायचा. आता एकोणतीस वर्षांचा होता आणि लग्नाचं नाव काढलं की गाडीखाली जायचा. घरातल्या तीन पुरुषांपैकी मिस्त्री खोकल्यातून बोलायचे आणि नवरा पान्यांच्या नंबरातून. "वहिनी, तुम्ही जेवलात का?" असं पूर्ण वाक्य फक्त धाकटा बोलायचा. दिवसातून एकदा. थोरली ते धरून चालायची.

निवडणं तिचं, तसंच धुणंही तिचं. मोठ्या पिंपात उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, आणि दांडक्याने ढवळणं. पंधरा वर्षांत सोड्याने तिच्या बोटांना चिरा पाडल्या होत्या आणि त्या चिरांत ग्रीस जाऊन बसलं होतं. अडीच महिन्यांपूर्वी नवऱ्याने अचानक कपडे धुण्याचं मशीन आणलं. "तुझ्या हातांसाठी," असं तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणावं लागू नये म्हणून लगेच अट घातली: वर्कशॉपचं एकही फडकं यात जायचं नाही, ऑइलने मशीन मरतं.

ही अट थोरलीने नऊ दिवस पाळली. दहाव्या दिवशी तिला वाटलं, तिसऱ्या ढिगातल्या टॉवेलांना कुठे ऑइल असतं? पाणी आणि रंगाखालच्या प्रायमरची घासलेली धूळ, बस. तिने ते घरच्या चादरींबरोबर मशीनमध्ये टाकले. मशीनबरोबर कपडे मऊ करायच्या औषधाची एक निळी बाटली फुकट आली होती. बाटलीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ होतं, आणि एक झाकण शेवटच्या पाण्यात टाका, असं लिहिलेलं होतं. तिने टाकलं. टॉवेल बाहेर निघाले ते असे मऊ, की तिने आजूबाजूला कुणी नाही असं बघून एक गालाला लावला. त्या दिवसापासून तिने धुतलेल्यांतून पुन्हा निवड सुरू केली. सगळ्यात मऊ ते भाऊजींना, बाजूला घडी घालून. या कामात पंधरा वर्षांत तिला मजा वाटली ती एवढीच.

त्यानंतर बसवाले आले. त्यांच्या अकरा छोट्या बस होत्या, सगळ्या पांढऱ्या, आणि सगळ्या त्यांना गडद हिरव्या करून हव्या होत्या. आधी एका बसचं एक दार करून दाखवा, म्हणाले. दार पसंत पडलं तर रंगाच्या शेडला तीन महिन्यांचं काम. नाही पडलं तर शेडमध्ये काय ठेवायचं याचा विचार मिस्त्री आधीपासून करत होतेच. मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमचं वर्कशॉप दोन वर्षं धाकट्याला बोलवत होतं, आणि तो दोन वर्षं नाही म्हणत होता.

पहिल्या शनिवारी धाकट्याने दार मारलं. दहा मिनिटांत रंगाला बारीक खड्डे पडले, टाचणीच्या डोक्याएवढे, दारभर. रंग त्या जागेवरून अंग काढून घेतो आणि तळातून प्रायमर वर बघत राहतो. पेंटर लोक याला फिशआय म्हणतात आणि नाव घेताना आवाज खाली आणतात. गेले दोन महिने किरकोळ कामात एखाददुसरा खड्डा पडायचा, तो घासून पॉलिश मारून मिटवता यायचा. हे मिटणारं नव्हतं. धाकट्याने सगळं घासून काढलं. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. बसवाल्यांनी दारावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, की याला कांजिण्या झाल्यात का.

आता आरोपी शोधणं आलं. धाकटा म्हणाला, कॉम्प्रेसर हवेत ऑइल सोडतोय. कॉम्प्रेसर सेकंडहँड होता, त्याच अडीच महिन्यांपूर्वी आलेला, आणि आणला होता थोरल्याने. त्यामुळे थोरला म्हणाला, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, दुखणं हाताला आहे. मिस्त्री म्हणाले, वारा. रंगाच्या दुकानदाराने थिनरकडे बोट दाखवलं, जो दुसऱ्या दुकानातून घेतलेला होता, आणि त्या दुसऱ्या दुकानदाराने रंगाकडे. एका दारासाठी पाच आरोपी उभे राहिले. सहावा कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण सहावा धुऊन, घडी घालून, फळीवर ठेवलेला होता.

धाकट्याने हवेचा फिल्टर बदलला. रंग फवारायची गन उकलून धुतली. रंग दोनदा गाळला, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली. आणि दार इतकं जीव लावून पुसलं, तितकं आयुष्यात कधी पुसलं नव्हतं: तीन वेळा, वहिनींनी ठेवलेल्या सगळ्यात मऊ टॉवेलांनी. तिसऱ्या शनिवारी खड्डे दुप्पट आले.

त्यानंतर त्याने गन खाली ठेवली ती ठेवलीच. बसवाल्यांनी शेवटची मुदत दिली, येत्या शनिवारची. थोरल्याने परभारे बाहेरचा पेंटर सांगून ठेवला. मंगळवारी जिन्यावर थोरली त्याच्यामागून येत होती, तर तो मधल्या पायरीवर थांबून उजवा हात समोर धरून बघत होता.

"वहिनी, मिस्त्रींचं असंच सुरू झालं असेल का हो? आधी कामात दिसतं, मग हातात?"

तिने सांगितलं, की काहीतरीच काय. तो म्हणाला, शोरूमला सांगून टाकलंय, सोमवारपासून येतो. पेंटर म्हणून नाही. पत्रा घासायला हेल्पर लागतो, ते काम मागितलंय. घासायला हात जरा हलला तरी चालतं.

गुरुवारी दुपारी थोरली नव्या गोणीतलं निवडत होती. गुडघा आखडला म्हणून पाय सोडायला गेली आणि वाटी लवंडली. हाताशी आलेला टॉवेल तिने पाण्यावर टाकला. तो फळीवरचा, भाऊजींचा होता. टॉवेलाने पाणी प्यायलं नाही, पुढे ढकललं. तिने दाबून बघितला. पाणी वरच गोळ्या होऊन राहिलं. तिने बोट ओलं करून त्यावर एक थेंब सोडला आणि मनात आकडे मोजायला लागली. वीस झाले तरी थेंब बसलेलाच होता.

हा टॉवेल तिनेच निवडलेला होता. हॉटेलचा, निळ्या पट्टीचा. तिच्या हाताखालून गेला तेव्हा तो थेंब पडायच्या आत प्यायला होता. गोणीत त्याच पट्टीचा दुसरा टॉवेल होता, कालच आलेला. त्यावर थेंब टाकला, गेला. मग तिने पहिला टॉवेल नाकाला लावला आणि बाटलीवरचं बाळ आठवलं.

तरी खात्री म्हणून ती उठली, खिडकीची अर्धी काच या टॉवेलने पुसली आणि अर्धी त्या टॉवेलने, आणि दोन्हींवर तोंडाने वाफ सोडली. एक अर्धी स्वच्छ धूसर झाली. दुसरीवर हात फिरला तसे पट्टे उमटले, कुणीतरी तूप लावलेला हात पुसावा तसे. बाटलीतलं तेलकट काहीतरी टॉवेलातून काचेवर उतरलं होतं, ते डोळ्यांनी एरवी दिसत नव्हतं. रंगाला दिसत होतं.

ती पुन्हा क्रेटवर बसली. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो असा, की गप्प राहायचं. फळीवरचे टॉवेल पहिल्या ढिगात ढकलायचे, नवे ठेवायचे. शनिवारी बाहेरचा पेंटर येईल, दार काचेसारखं निघेल, बसवाले खूश, मशीन शाबूत, बोलणी कुणालाच नाहीत. सगळं बसत होतं. फक्त एक गोष्ट उरत होती. तोच कॉम्प्रेसर, तोच रंग, तोच थिनर, आणि दुसऱ्याच्या हाताने दार चांगलं आलेलं धाकटा उभं राहून बघेल. मग त्याच्या मनात शंका राहणार नाही. जन्मभर नाही.

गुरुवार तिने तसाच घालवला. शुक्रवारी चार वाजता चहा खाली नेताना ट्रेमध्ये चार कपांबरोबर दोन टॉवेल आणि पाण्याची वाटीही ठेवली.

"भाऊजी, तुमच्या हाताला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "जे झालंय ते माझ्या हाताने झालंय."

मग तिने सगळं सांगितलं, मशीन, दहावा दिवस, निळी बाटली, आणि बाकावर दोन्ही टॉवेल पसरून दोन थेंब टाकून दाखवले. मिस्त्री खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतः वाटीत बोट बुडवलं. बोट थरथरलं आणि थेंब जमिनीवर पडला; त्यांनी पुन्हा बुडवलं, आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून टॉवेलपर्यंत नेलं. थेंब बसून राहिला.

नवरा गाडीखालून सरकत बाहेर आला.

"मशीनमध्ये टाकायची नाहीत म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग टाकली."

भांडायला लागतील ती वाक्यं त्याच्याकडे तयार होती. ती कबुलीला लागू पडेनात. हात पुसत तो म्हणाला, की बिचारा कॉम्प्रेसर मात्र फुकट शिव्या खात होता.

धाकट्याने टॉवेल उचलला, उलटा केला, परत सुलटा केला.

"तीन आठवडे मी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतोय, वहिनी. कुणाला दिसू नये म्हणून."

"मला वाटलं, थंडीने."

"विचारायचं तरी."

"तुम्हीही विचारायचं होतं."

"काय विचारणार होतो? टॉवेल इतके मऊ का आहेत, असं?"

तो चहा न घेता वर निघून गेला. जिना त्याच्या पावलांनी वाजला आणि मग वाजायचा थांबला. थोरलीची बोलणी खायची तयारी होती. पण ती बसली नाहीत. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात, तसंही काही झालं नाही. नुसते पाय दुखत होते. धाकट्याचा चहा निवत होता म्हणून तिने तोही पिऊन टाकला. मग पिंपाखाली जाळ केला आणि हॉटेलच्या चादरीचे तुकडे नुसत्या उकळत्या पाण्यातून तीनदा काढले. सोडा नव्हता, तरी चिरा झोंबायच्या त्या झोंबल्याच.

शनिवारी सकाळी बाहेरचा पेंटर आला, त्याला धाकट्याने फाटकातच गाठून चहा पाजून परत पाठवला. दार पत्र्यापर्यंत घासलं. प्रायमर मारला, वाळू दिला, पाण्याने घासला. मग तो दोरीवरच्या चादरीच्या तुकड्यांकडे आला. प्रत्येक तुकड्यावर थेंब टाकून मगच घेतला. हे तिच्या समोर केलं. तिला ते लागलं, पण त्यात चूक काढता येत नव्हती. दुपारी गनचा आवाज सुरू झाला, थांबला, आणि मग चौघेही दाराकडे न बघता दहा मिनिटं उभे राहिले. मिस्त्री घड्याळ बघत होते.

दार हिरवंगार आलं. वरची ट्यूबलाइट त्यात सरळ रेघेसारखी दिसत होती. थोरला म्हणाला, कॉम्प्रेसर चांगला आहे. संध्याकाळी बसवाले आले, अंगठा फिरवला, कांजिण्या गेल्या म्हणाले, आणि बुधवारी पहिल्या दोन बस पाठवतो असं सांगून गेले.

सोमवारी धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून शोरूमला गेला. थोरलीला वाटलं होतं, फोन करून नाही सांगेल. तो एक वाजता परत आला आणि जेवताना, भाजीकडे बघत, सांगितलं. हेल्परचं काम नको म्हणालो. पेंटर हवा असेल तर बोला. त्यांनी एक बॉनेट मारून दाखवायला लावलं. दाखवलं. घेतलं त्यांनी. बस संपेपर्यंत थांबतो म्हणालेत, त्याच्यापुढे नाही.

नवऱ्याने पोळीचा तुकडा हातातच धरला. मिस्त्रींनी विचारलं, तिथल्या रंगाच्या खोलीत दिवे किती. धाकटा म्हणाला, चोवीस. मिस्त्रींनी आयुष्यात दोन ट्यूबलाइटच्या वर काही बघितलं नव्हतं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "मग जा."

दुपारी थोरली मागच्या पत्र्याखाली चादरी काढून बसली होती. धाकटा येऊन समोर उभा राहिला. शनिवारनंतर तो पहिल्यांदाच आपणहून आला होता.

"वहिनी, तुम्ही जेवलात का?"

"तुमच्यासमोरच तर जेवले."

तो जरा घुटमळला. "रागावलात?"

तिने खरंच विचार केला. गप्प राहिली असती तर हा दुसऱ्यांचा पत्रा घासायला गेला असता. बोलली, म्हणून गन घेऊन चालला होता. जाणं दोन्हीकडे होतं. तिला निवडायला मिळालं ते एवढंच, आणि तिने वाईट निवडलं नव्हतं.

"रागवायला बळ लागतं, भाऊजी. एका बसला किती फडकी लागतील ते सांगा."

"तीस धरा."

"म्हणजे तीनशे तीस. आणि एकही धुणार नाही मी. वापरायचं आणि टाकायचं. निवडून देईन, धुणार नाही. तुमच्या दादाला सांगितलंय तसं."

"काय म्हणाला?"

"बघू म्हणाला. त्याचा बघू म्हणजे हो असतो, फक्त चार दिवस लागतात."

धाकटा हसला नाही, पण दुसरा क्रेट ओढून बसला. तिने मोठी दुहेरी चादर उलगडली, काठाला कात्रीने खाच दिली आणि एक टोक त्याच्याकडे टाकलं. दोघांनी ओढलं. विरलेलं सूत होतं, एका दमात शेवटपर्यंत फाटत गेलं. तिने आपला तुकडा मांडीवर घेतला आणि पुढच्या खाचेसाठी काठ चाचपायला लागली.

"धरा," ती म्हणाली. "बुधवारी पहिल्या दोन यायच्यात."